दममामांचं घड्याळ

माझ्या मामांचं खरं नाव रामराव. पण कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावात जाऊन ‘रामरावांचं घर कुठं?’ असं विचारलंत, तर चार जण एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. ‘दममामा’ म्हणा, लहान पोरगंसुद्धा बोट धरून दारापर्यंत नेऊन सोडेल. मारुतीच्या पारापासून शाळेच्या फाटकापर्यंत एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जाणारा माणूस तो. तेही पळत नाही, चालत. वाटेत भेटणाऱ्याला हातानंच रामराम करत. म्हैस आडवी आली तरी दम तुटायचा नाही. म्हैस जाईस्तोवर एका जागी उभं राहून कबड्डी कबड्डी चालूच. गावात नवी सून आली की पहिल्या आठवड्यात कुणीतरी तिला सांगून ठेवायचं, बाई, हे वेडे नाहीत, ह्यांचा सराव चालू आहे.

माझे वडील लवकर गेले आणि आई मला घेऊन माहेरी आली, त्यामुळं मी मामांच्याच अंगणात वाढले. मामांनी पोरींचा कबड्डीचा संघ काढायचं ठरवलं तेव्हा साऱ्या गावानं नाकं मुरडली. पोरींनी काय आता मातीत लोळायचं का? मामा कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी बहिणीच्या पोरीला, म्हणजे मला, मैदानात उतरवलं आणि हळूहळू बाकीच्या आपोआप आल्या. मैदान कसलं, शाळेमागची दगडं वेचून काढलेली जागा. तिथं आमची धूळधाण व्हायची. चढाई करून करून छाती फुटायची वेळ आली की कुणीतरी खाली बसून म्हणायचं, ‘मामा, दम लागला.’ वरून ठरलेला आवाज यायचा: ‘लागू दे! दम लागल्याबिगर दम वाढत न्हाई.’

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की ते आमच्याही जिभेवर बसलं. आई एकदा दळणाचा डबा घेऊन धापा टाकत आली, तेव्हा मी तिला हेच ऐकवलं होतं. पाठीत असा धपाटा बसला की माझाच दम कोंडला. मामा शेजारीच होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो, भाची मामाच्या नाही. भाची म्हणजे देवाचं माणूस. पण मैदानात मामा गुरू, म्हणून तिथं मी त्यांच्या पाया पडायचे. मग सकाळी मैदानात मी वाकायची आणि दिवाळीला घरी ते वाकायचे. हा हिशेब त्यांनी कधी चुकू दिला नाही. मैदानात मी रडले तर म्हणायचे, ‘हितं मी तुझा मामा न्हाई. मामापाशी रडायचं तर घरी जा.’ आणि घरी गेल्यावर स्वतःच गुळाचा खडा हातावर ठेवून विचारायचे, ‘काहून रडत होतीस, माय?’

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि पुढचं सगळं त्या नियमानं घडलं, म्हणून नीट सांगते. चढाईला जाणाऱ्याच्या अंगावर काही असता कामा नये. बांगडी नाही, पैंजण नाही, हातातला गंडा-दोरा नाही. समोरच्यानं पकडायचं म्हटलं तर त्याच्या हाताला फक्त कातडं लागलं पाहिजे. आता बारा-चौदा पोरींच्या बांगड्या सांभाळायच्या कुणी? मैदानाच्या कडेला बसलेली आमची शांतामामी. ती त्या ठेवायची कुठं? स्वतःच्या हातात! लाल, हिरव्या, पिवळ्या, सगळ्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत चढवून ती लिंबाखाली बसायची. खेळ संपला की एकेक काढून जिची तिला बराबर देणार. एवढ्या वर्षांत कुणाची बांगडी फुटली नाही की कुणाची कुणाला गेली नाही. मामांनी उतरवायला सांगितलं की ते मामीच्या हातात जाणार, हे आमच्या अंगवळणीच पडलं होतं.

मामी बोलायला कमी. दिवसभर तिचे पाय चालू असायचे. हापशावरून पाणी, गोठ्यात वैरण, चूल, संघातल्या पोरींना सरावानंतर चहा आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा. तिला कुणी विचारलं नाही की तू काही व्यायाम करतेस का. मीही नाही. आणि मी तर पुढं हिंगोलीत शाळेवर खेळाची बाई म्हणून लागले, जगाला व्यायाम शिकवायला.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या छातीत कळ आली. नांदेडला नेलं, काळजाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या बसवल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्याकडं बघून बजावलं, कारण मामांकडं बघून काही उपयोग नाही हे त्यांना तेवढ्या दिवसांत कळलं होतं. ‘चालायचं. फक्त चालायचं. ठोके वर जाऊ द्यायचे नाहीत. पळणं बंद, झटापट बंद, आणि श्वास कोंडून काहीही करायचं नाही. पुन्हा झटका आला तर आमच्यापर्यंत पोचणार नाहीत.’ श्वास कोंडायचा नाही, हे कुणाला सांगून राहिले होते ते! मामांनी मान डोलावली. ती मान मी ओळखून होते. समोरच्या संघाला फसवायला जाताना ते अशीच मान हलवायचे.

मामांच्या दोन्ही लेकी लांब दिलेल्या. जवळची मीच. शाळेत शिट्टी वाजवताना, भाजी निवडताना, सारखं डोळ्यांपुढं यायचं की मामा आता मैदानात उतरले असतील आणि आता पडले असतील. फोन वाजला की आधी गावचा नंबर आहे का ते बघायचे, मग उचलायचे. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं, मनगटावर बांधायचं घड्याळ मिळतं, त्यात पावलं आणि ठोके कळतात, तुमच्या फोनवर बसल्या जागी दिसतं. त्याच संध्याकाळी मी दुकानात गेले.

दुकानदार शहाणा होता. मी ‘चांगलं घड्याळ द्या’ म्हटल्यावर त्यानं काहीच काढलं नाही. ‘मॅडम, पहले बताओ, करते क्या हैं?’ म्हणाला. ‘चालणाऱ्याचं वेगळं, पोहणाऱ्याचं वेगळं. वजन उचलणारा असेल, कुस्ती-कबड्डीवाला असेल, तर मनगटावरचं कामाचंच नाही; एक तर निघून येतं, नाही तर आकडा चुकवतं. त्यांना दंडाला नाही तर छातीला पट्टा. आधी माणूस काय करतो ते सांगा, मग वस्तू सांगतो.’ मी तिथूनच मामांना फोन लावला. ‘मामा, खरं सांगा, दिवसभर काय काय करता?’ मामा म्हणाले, ‘काय करतो मी म्हातारा? सकाळी चालतो, सांजंला चालतो. बस्स.’ ‘मैदानात?’ ‘मैदान? छ्या! लांबूनसुदा बघत न्हाई.’

मग काय, चालणाऱ्याचं घड्याळ घेतलं. रविवारी जाऊन मामांच्या मनगटावर बांधलं, त्यांच्या फोनला जोडलं, तिथून माझ्या फोनला जोडलं. माझ्या फोनवर त्या घड्याळाची एक चौकट उघडली, तिला नाव दिलं: मामा. ठोके फार वाढले किंवा फार कमी झाले तर माझा फोन बोंबलणार, अशी सोय होती. मामांनी हात वर करून घड्याळाकडं पाहिलं. ‘बैलाच्या गळ्यात घंटी बांधावी तसं केलंस गं. कुठं चरायला गेलो ते धन्याला कळावं.’

पुढचे काही महिने मी त्या चौकटीवर जगले. सकाळी डोळे उघडले की आधी मामा बघायचे, मग चहा. आणि काय सांगू, इतकं छान दिसत होतं सगळं! मामा पहाटेपासून उठून थोडं थोडं चालत होते. एका दमात फेरी नाही, पण दिवसभर पाय हलता. दुपारच्या आधी तर एका जागी उभं राहून धावल्यासारखी पावलं पडायची. मी म्हटलं, असतील करत जागच्या जागी काहीतरी. आणि ठोके? ठोके कुठं वर जायचं नावच घेईनात. उलट आठवड्यागणिक खाली येत होते. मी मामांच्या लेकींना फोन करून सांगितलं, औषध लागू पडलं बायांनो, बाबांचं काळीज शांत झालं. आम्ही तिघी फोनवर आनंदानं रडलो. त्या आनंदाची आठवण आली की अजून अंगावर काटा येतो.

एकदा मला शंका आली, म्हणून मामांना फोन लावला. मामीनं उचलला. ‘मामी, मामा खरंच चालतात ना? फसवत न्हाईत ना?’ ‘चालतात की, माय.’ तिचा श्वास वरचेवर येत होता. मी म्हटलं, ‘तुला काहून एवढी धाप लागली?’ ‘पाणी आणलं ना आत्ता. हल्ली जरा दम लागून राहिलाय.’ मागून मामांचा आवाज आला, ‘लागू दे! दम लागल्याबिगर दम वाढत न्हाई!’ मी हसले. मामीपण हसली.

मग तो रविवार आला. मी अंगणात कपडे धूत होते. फोन बोंबलला. फेसाळलेल्या हातानं उचलून पाहिला: मामा, ठोके फार कमी. मी म्हटलं, पट्टा सैल झाला असेल. तेवढ्यात पुन्हा बोंबलला. आकडा आणखी खाली. मी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. शेजारच्या तात्यांना लावला, तर ते शेतात; म्हणाले, दममामा सकाळीच मैदानाकडं गेलेले पाहिले. मैदानात! म्हणजे म्हातारा खेळतोय, आणि आता तिथं मातीत आडवा पडलाय. ओल्या साडीवरच मी स्कूटी काढली. हिंगोली ते आमचं गाव, तो रस्ता मी हजारदा केलाय. त्या दिवशी मध्ये काय लागलं, कोण आडवं आलं, काही आठवत नाही. तोंडानं एकच चालू होतं, मामा थांबा, मामा थांबा.

मैदानावर पोचले तर पोरींचा कल्ला चालू. आणि मधोमध, पायजम्याच्या वळकट्या गुडघ्यापर्यंत चढवून, माझे मामा चढाईला गेलेले. कबड्डी कबड्डी कबड्डी. दम ठणठणीत. डावीकडं हूल दिली, उजवीकडच्या पोरीला शिवले आणि रेषेवर परत आले. मला बघून चोरी पकडल्यागत जीभ चावली.

मी त्यांचा हात धरला. मनगट मोकळं.

‘मामा, घड्याळ कुठाय?’

‘अगं, चढाईला जाताना अंगावर काही…’

‘कुठाय घड्याळ?’

‘कुठं असणार? तुझ्या मामीच्या हातात.’ आणि मग ओशाळं हसून म्हणाले, ‘पहिल्या दिसापासून तिच्याच हातात हाय. फोनसुदा घरीच ठिवतो. तू रागावशील म्हणून…’

त्यांचं वाक्य तिथंच तुटलं. माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांना कळलं असावं. आम्ही दोघं पळालो. त्या दिवशी मी मामांना पळू नका म्हटलं नाही.

मामी हापशाच्या वाटेवर, आमच्या घराच्या भिंतीला टेकून बसली होती. घागर शेजारी सरळ ठेवलेली, थेंब सांडलेला नव्हता. ओठ पांढरे. डोळे उघडे होते, पण नजर ओळखीची नव्हती. मनगटावर ते काळं घड्याळ, हिरव्या बांगड्यांच्या मधे. आत कोनाड्यात मामांचा फोन वाजत होता, कारण पळता पळताही मी तो लावतच होते. मला पाहून ती म्हणाली, ‘अंधारी आली गं जराशी. बसले. आता उठते.’

उठू कशी देणार? फोन करताच तात्या शेतातून जीप घेऊन आले. नांदेडपर्यंत मामीचं डोकं माझ्या मांडीवर आणि मनगट मामांच्या हातात. घड्याळावरचा आकडा वर-खाली होत होता आणि मामा तो आकडा डोळ्यांत तेल घालून बघत होते. मध्येच तो इतका खाली गेला की मी तोंड फिरवलं. मामा एकच शब्द बोलत होते, ‘दम धर. दम धर गं. आलं बघ नांदेड. दम धर.’ जन्मभर तो शब्द त्यांनी हुकूम सोडल्यासारखा उच्चारला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो त्यांच्या तोंडून हात जोडल्यासारखा येत होता.

डॉक्टरांनी मामांना ओळखलं आणि त्यांना वाटलं, पेशंट तेच. मी मामीकडं बोट दाखवलं. तपासणी झाली. काळजाला ठोका द्यायची आतली वाटच बंद पडत चालली होती म्हणाले, हे काही आजचं नाही, चार-सहा महिन्यांचं दुखणं आहे. दम लागणं, अंधारी येणं, काहीच कसं लक्षात आलं नाही तुमच्या? मामा भिंतीकडं तोंड करून उभे होते. लगेच आत घेतलं, काळजाला ठोका देणारं यंत्र बसवायला. दार बंद झालं, आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मामा बसले की उठत, उठले की बसत. ‘मला झटका आला तवा ती हितंच बसली असंल का गं?’ एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ह्याच बाकावर.

मामी वाचली. दुसऱ्या दिवशी भेटू दिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मामांना वाटलं, चिडेल, रडेल. ती चिडली नाही. नेहमीच्या आवाजात, मीठ कमी पडलं म्हणावं तसं म्हणाली, ‘मी सांगत होते की तुमाला, दम लागून राहिलाय. तुमी म्हणले, लागू दे.’

मामा बाहेर आले आणि दवाखान्याच्या भर गर्दीत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. दिवाळीला ठेवायचे तसं नाही. उठेचनात. मी म्हणाले, ‘मामा, लोक बघून राहिलेत.’ खालूनच म्हणाले, ‘बघू दे. तू घड्याळ आणलं न्हाई, माय. तू माझं घर आणलंस परत.’ मग मीही बसले खाली आणि आम्ही दोघंही ढसाढसा रडलो.

ते वाक्य मामांनी पुन्हा उच्चारलं नाही. मैदान सुटलं नाही, पण रीत बदलली. एखाद्या पोरीनं दम लागला म्हटलं की तिला लिंबाखाली बसवायचे, मनगट धरायचे आणि विचारायचे, ‘नेहमीचा लागला का येगळा लागला?’ नव्या पोरींना ह्या प्रश्नाचं हसू यायचं. मामीला तर सकाळ-दुपार-संध्याकाळ हाच प्रश्न. ती वैतागून म्हणायची, ‘नेहमीचाच हो! आता पाणी आणू द्या.’ तर घागर ह्यांच्याच डोक्यावर. अख्खं गाव बघायचं, दममामा पाणी भरून राहिलेत म्हणून.

आणि मामा माझ्याबरोबर स्वतः दुकानात आले. दुकानदारानं विचारायच्या आत सांगून टाकलं, ‘मी खोटं बोललो होतो. मी चालत न्हाई, मी कबड्डी शिकवतो. चढाई बंद केली, पण पोरींसोबत हात-पाय हलवल्याबिगर राहवत न्हाई. माझ्या जोगं काय हाय ते दाखवा.’ दुकानदारानं दंडाला, बाहीच्या आत बांधायचा पट्टा दिला. ठोके वाढले की त्याचा दिवा रंग बदलायचा. दिवा लाल झाला की पोरीच ओरडायच्या, ‘मामा, बाद!’ आणि मामा निमूट रेषेबाहेर जाऊन बसायचे. मनगटावरचं घड्याळ मात्र मामीकडंच राहिलं. भाकरी थापतानासुद्धा ते मेलं पावलं मोजतं, अशी तिची तक्रार होती. तेव्हा कुठं मला दुपारच्या त्या जागच्या जागी धावण्याचा उलगडा झाला.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. डॉक्टर म्हणाले होते तसं झालं नाही; दवाखान्यापर्यंत पोचले, दोन दिवस मिळाले. मी शेजारी बसले होते. नळ्यांच्या गुंत्यातून त्यांनी मला खूण केली. मला वाटलं, लेकींबद्दल काही सांगायचं असेल, संघाबद्दल असेल. मी कान जवळ नेला. ‘तिचं घड्याळ… चार्जिंगला लावलं का?’ मी हो म्हटलं. ‘रोज लाव म्हणावं,’ म्हणाले. माझ्याशी बोललेलं हे शेवटचं.

मामी आता गावात एकटीच असते. लेकी बोलावतात, ती जात नाही. सकाळी मैदानावर जाऊन लिंबाखाली बसते, पोरींच्या बांगड्या हातात घालून. आणि माझ्या फोनवर ती चौकट अजून आहे. रोज पहाटे ती हलायला लागते, मामा उठले, मामा चालताहेत, मामांचे ठोके ठीक. पहिल्या दिवसांत ते नाव बघून माझा जीव गलबलायचा. एकदा मामीला म्हटलं, ‘मामी, तिथं अजून मामांचं नाव दिसतं. तुझं घालू का?’

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

‘राहू दे,’ म्हणाली. ‘इतके दिवस ते माझ्या पायांवर फिरले. अजून फिरू दे.’